सोरायसिस : लक्षणविचार आणि पर्यायी चिकित्सांचा पुरावा

सोरायसिसचा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा बराच फिरून. त्वग्रोगतज्ज्ञांची मलमे झालेली असतात, नातेवाइकांनी सुचविलेली तेले झालेली असतात, एखाद्या गावचे 'खात्रीचे' चूर्णही पोटात गेलेले असते. अशा रुग्णास आपण काय सांगतो आणि कोणत्या आधारावर सांगतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम नावाविषयी. संहितांत कुष्ठ ही त्वग्विकारांची व्यापक संज्ञा असून चरकाचार्यांनी ७ महाकुष्ठे व ११ क्षुद्रकुष्ठे असे १८ प्रकार सांगितले आहेत. मराठी माणसाच्या कानाला मात्र कुष्ठ म्हणजे महारोगच. केसपेपरवर लिहिलेल्या 'एककुष्ठ' या एका शब्दामुळे एका मुलीचे जमत आलेले लग्न अडल्याचे आम्ही पाहिले आहे. तो कागद कोणाचा होता हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नव्हे. युरोपातही हे दोन व्याधी दीर्घकाळ एकत्रच मोजले जात आणि हेब्रा यांनी १८४१ मध्ये त्यांना निश्चितपणे वेगळे केले. रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर 'सोरायसिस' हाच शब्द लिहावा व संसर्गजन्य नसल्याचे त्याखाली स्पष्ट नोंदवावे, अशी आमची पद्धत आहे.

लक्षणविचार

सोरायसिसची तुलना सामान्यतः एककुष्ठ व किटिभ यांच्याशी केली जाते. घाम न येणे, विस्तीर्ण जागा व्यापणे आणि माशाच्या खवल्यांसारखी त्वचा ही एककुष्ठाची लक्षणे; तर श्याव वर्ण, जुन्या व्रणवस्तूसारखा खरखरीत स्पर्श आणि परुषता ही किटिभाची. दोन्हींत वातकफ प्रधान. आधुनिक ग्रंथांत वर्णिलेले लाल, स्पष्ट कडांचे, उंचावलेले व चंदेरी खपल्यांनी झाकलेले चट्टे गोऱ्या कातडीवर जसे दिसतात तसे आपल्याकडे दिसत नाहीत. सावळ्या त्वचेवर ती लाली जांभळट किंवा काळपट होते आणि तेथे किटिभाच्या श्याव वर्णाचा अर्थ उलगडतो.

कोपर, गुडघे, टाळू व कमरेची मागील बाजू या नेहमीच्या जागा. खपली नखाने हळुवार खरवडल्यास मेणबत्तीच्या चुऱ्यासारखा भुगा पडतो, मग पातळ पापुद्रा निघतो आणि त्याखाली टाचणीच्या टोकाएवढे रक्तबिंदू दिसतात. ओरखडा किंवा शस्त्रक्रियेचा व्रण यांच्या रेषेतच नवा चट्टा उमटणे, हेही याचे वैशिष्ट्य. निरोगी त्वचेत खालच्या थरातील पेशीस पृष्ठभागी येण्यास सुमारे चार आठवडे लागतात. येथे तोच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो, म्हणून अपक्व पेशींचे थर साचतात. लहान मुलांत व तरुणांत घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे बारीक चट्टे उठले, तर घशाच्या जंतुसंसर्गाचा इतिहास विचारावाच.

नखे पाहावयास विसरू नये. शिवणकामाच्या अंगुस्तान्यावर असतात तशा बारीक खळ्या, नखाखाली तेलाच्या डागासारखा पिवळसर ठिपका, नख मुळापासून सुटणे ही चिन्हे निदानास मोठे साहाय्य करतात. ज्यांची नखे अशी बिघडली आहेत, त्यांच्या सांध्यांची चौकशी अधिक काळजीपूर्वक करावी. सोरायसिसच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांत सांधे धरले जाऊ शकतात. सकाळचा ताठरपणा, संपूर्ण बोट फुगणे, टाचदुखी अशी लक्षणे ऐकून 'आमवात' लिहून गुग्गुळकल्पांवर वर्षभर थांबणे आम्हांस मान्य नाही. तेवढ्या काळात सांध्याची झीज कायमची होऊ शकते. क्ष-किरण तपासणी व संधिवाततज्ज्ञांचे मत लवकर घ्यावे.

व्यवच्छेदक निदानात दोन व्याधी विशेष लक्षात ठेवावेत. महारोगाच्या चट्ट्यातही घाम येत नाही, त्यामुळे केवळ 'अस्वेदन' या लक्षणावर विसंबता येत नाही. कापसाच्या बोळ्याने स्पर्शज्ञान तपासावे व कोपराजवळील नस जाड झाली आहे का ते बोटांनी चाचपावे. दुसरा व्याधी गजकर्ण. दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांमुळे आजकाल त्याचे मूळ रूप इतके पालटलेले असते, की पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात खपली पाहिल्याखेरीज निर्णय करू नये.

पुरावा काय सांगतो

चिकित्सेकडे वळण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार करू. हा व्याधी पुष्कळ रुग्णांत हिवाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात आपोआप उतरतो. आपण वमन देतो ते वसंतात! फाल्गुन-चैत्रात वमन झालेला रुग्ण वैशाखात सुधारला, तर यश वमनाचे की उन्हाचे? तुलनेसाठी वमन न दिलेला गट नसेल तर याचे उत्तर मिळत नाही. सुश्रुताचार्यांनी कुष्ठात पंधरवड्याने वमन, महिन्याने विरेचन आणि वर्षातून दोनदा अल्प रक्तस्राव सांगितला आहे. म्हणजे शोधन वारंवार करावयाचे, एकदाच नव्हे. आपल्या पदव्युत्तर प्रबंधांत मात्र बहुधा एकच शोधन, थोडे रुग्ण आणि काही आठवड्यांचा पाठपुरावा असतो. त्यांतून आशा दिसते. सिद्धता दिसत नाही. शोधन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. आम्ही स्वतः योग्य रुग्णांस ते देतो. पण 'पंचकर्माने सोरायसिस मुळापासून जातो' असे फलकावर लिहिण्यास आज कोणताही आधार नाही.

द्रव्यांच्या बाबतीत चित्र अधिक रोचक आहे. कोरफडीचेच घ्या. १९९६ मध्ये पाकिस्तानातील ६० रुग्णांच्या अभ्यासात कोरफडीच्या मलमाने ८३ टक्के रुग्ण बरे झाल्याचे, तर नुसत्या मलमाने जेमतेम ७ टक्के बरे झाल्याचे प्रसिद्ध झाले. २००५ मध्ये डेन्मार्कमध्ये ४१ रुग्णांवर तशीच तुलना झाली, तेव्हा कोरफडीच्या बाजूस ७२.५ टक्के व औषधविरहित बाजूस ८२.५ टक्के सुधारणा आढळली. पहिल्या अभ्यासाचा उल्लेख जाहिरातींत असतो, दुसऱ्याचा नसतो.

हळदीसंबंधी २००८ मध्ये अमेरिकेत १२ रुग्णांना रोज ४.५ ग्रॅम कर्क्युमिन देण्यात आले. मोजक्यांनाच लाभ झाला आणि तोही तुलनागट नसल्याने संशयास्पद राहिला. पुढे २०१५ मध्ये इटलीतील अभ्यासात शोषण सुधारलेले कर्क्युमिन स्टेरॉइड मलमाच्या जोडीने दिले असता अधिक लाभ दिसला. हळद साहाय्यक म्हणून द्यावी, एकटीवर भिस्त ठेवू नये, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

सर्वांत उत्तम रचनेचा अभ्यास आम्हांस तैवानचा वाटतो. २००८ मध्ये तेथील ४२ रुग्णांच्या शरीरावरील एका बाजूच्या चट्ट्यास नीळयुक्त मलम व दुसऱ्या बाजूस तेच मलम नीळ वगळून १२ आठवडे लावले. ४२ पैकी ३१ जणांत निळीच्या बाजूचा चट्टा पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेला. ही नीळ चिनी परंपरेतील वेगळ्या वनस्पतींपासून काढलेली असते. आपल्या नीलीचे चूर्ण तेलात घालून तोच परिणाम येईल असे धरून चालता येणार नाही. परंतु अभ्यासाची पद्धत उचलण्यासारखी आहे. डाव्या व उजव्या कोपराची तुलना करण्यास ना अनुदान लागते ना प्रयोगशाळा. दक्षिणेत काळ्या कुड्याची पाने खोबरेल तेलात उन्हात ठेवून सिद्ध केलेले जांभळट तेल प्रसिद्ध आहे, त्याचीही परीक्षा अशीच व्हावी.

बाकुचीची कथा निराळी. तिच्या शास्त्रीय नावावरूनच 'सोरॅलेन' हा शब्द आला आणि १९७४ मध्ये सोरॅलेन वर्गातील औषध व अतिनील किरण यांचा संयोग सोरायसिसवर प्रभावी ठरल्याचे प्रसिद्ध झाले. द्रव्य व सूर्यप्रकाश ही आपली जोडी तेथे मात्रा मोजून वापरली गेली. दीर्घकाळ उपचार घेतलेल्यांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळल्याने आज औषधाशिवाय केवळ मर्यादित तरंगलांबीचे किरण देण्याकडे कल आहे. बाकुची तेल लावून दुपारच्या उन्हात बसविलेल्या रुग्णांची भाजलेली त्वचा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मात्रेचे महत्त्व सांगावयास नको. पोटात घेतलेल्या बाकुचीने यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या रुग्णास ती देऊ नये.

मत्स्यतेल व सूचिवेध यांबद्दल फार लिहावयास नको. नॉर्वेतील १४५ रुग्णांच्या १९९३च्या अभ्यासात मत्स्यतेल मक्याच्या तेलाहून सरस ठरले नाही आणि १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सूचिवेध खोट्या सूचिवेधापेक्षा वरचढ ठरला नाही.

आहारविहाराचे मात्र पारडे जड आहे. इटलीत २०१४ मध्ये ३०३ स्थूल रुग्णांच्या अभ्यासात औषधांच्या जोडीने आहारनियंत्रण व व्यायाम करणाऱ्यांत व्याधीची तीव्रता ४८ टक्क्यांनी, तर केवळ माहिती मिळालेल्यांत २५.५ टक्क्यांनी घटली. मद्य व धूम्रपान यांचा संबंधही स्पष्ट आहे. शिकरण बंद करून चट्टे जातात का, याची परीक्षा कोणी घेतल्याचे आमच्या वाचनात नाही. विरुद्धाहार म्हणून आम्ही ते वर्ज्य सांगतो, पण तंबाखू व दारू सोडण्याच्या आधी नव्हे. (कोकणातील रुग्ण हटकून विचारतात म्हणून : नारळाच्या दुधातील माशांचे कालवण हे क्षीर-मत्स्य विरुद्धात मोडत नाही.) मनाचेही तसेच. १९९८ मध्ये अमेरिकेत किरणोपचार घेताना ध्यानाच्या ध्वनिफिती ऐकणाऱ्या रुग्णांची त्वचा इतरांहून लवकर निवळली. अभ्यास ३७ जणांचाच होता, परंतु त्यात अपाय काहीच नाही.

धोका कोठे आहे

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक पन्नाशीचे शेतकरी आले. आठवड्यातून एकदा घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट त्यांनी बंद केले होते आणि पुडीतून मिळणारे एक 'शुद्ध आयुर्वेदिक' चूर्ण तीन महिने घेतले होते. त्वचा आरशासारखी झाली, भूक वाढली, चेहरा गोल झाला. घरच्यांनी त्यास तब्येत सुधारली असे मानले. चूर्ण संपले आणि पंधरा दिवसांत नखशिखांत अंग लाल होऊन सोलू लागले, थंडी वाजू लागली, पाय सुजले. पुडीत स्टेरॉइड होते हे लक्षणांवरूनच उघड होते. अशा वेळी वमन नाही, विरेचन नाही, तेल चोळणेही नाही. शरीरातील जल व उष्मा झपाट्याने जात असतो आणि जंतुसंसर्ग प्राणघातक ठरतो. आम्ही त्यांना त्याच दुपारी रुग्णालयात पाठविले. ते वाचले.

रसकल्पांचा प्रश्न याहून अवघड, कारण तो आपल्या घरातला आहे. रसमाणिक्य हरताळापासून होते आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचे गंधकासह संयुग. पाश्चात्त्य वैद्यकानेही एकोणिसाव्या शतकात सोरायसिसवर आर्सेनिकचे द्रव सर्रास दिले आणि १८८०च्या दशकात हचिन्सन यांनी त्यातून उद्भवणारा त्वचेचा कर्करोग दाखवून दिला. २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. शोधन-मारणाचा सिद्धांत पुढे करून यावर पडदा टाकता येत नाही. सोरायसिस वर्षानुवर्षे चालतो, म्हणून औषधही वर्षानुवर्षे दिले जाते, आणि म्हणूनच आम्ही या व्याधीत आर्सेनिकयुक्त कल्प वापरत नाही. इतर रसकल्प दिल्यास अवधी मर्यादित ठेवून यकृत व वृक्क यांच्या तपासण्या कराव्यात.

इंटरल्युकिन-१७ व २३ यांना रोखणाऱ्या जैविक औषधांनी अलीकडे बहुसंख्य रुग्णांत ९० टक्क्यांपर्यंत सुधारणा घडविली आहे, हेही रुग्णापासून लपवू नये. ती महाग आहेत, क्षयाची तपासणी केल्याशिवाय देता येत नाहीत आणि थांबविल्यावर व्याधी बहुधा परततो. तरीही ज्याचे सांधे वाकू लागले आहेत, त्याला तो मार्ग माहीत असण्याचा हक्क आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाने निदान एवढे करावे : पहिल्या भेटीत, मग दर महिन्याला, त्याच जागेचे व त्याच प्रकाशातील छायाचित्र, १९७८ पासून जगभर वापरात असलेल्या ० ते ७२ गुणांच्या तीव्रतामापनाची नोंद, मराठी महिना व ऋतू, चालू असलेली सर्व औषधे, दुसऱ्याने दिलेलीही. अपाय दिसल्यास आयुष मंत्रालयाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाकडे कळवावे. सुधारलेल्या रुग्णांबरोबर न सुधारलेल्यांच्या आणि मध्येच सोडून गेलेल्यांच्या नोंदीही ठेवाव्यात. वसंतातील वमनाच्या नोंदी पुढील माघापर्यंत चालवाव्यात.