दहा रुपयांचं गिऱ्हाईक

‘‘ताई, दहा रुपयांचा मिळंल का?’’

आमच्या बचत गटाच्या टेबलापुढे उभं राहून तिनं विचारलं आणि आमच्यातली एक जण पटकन हसली. वाईट हेतूनं नाही, पण हसली. टेबलावर अर्ध्या किलोची पाकिटं रचून ठेवलेली, साडेतीनशे रुपयांना एक. त्यातून दहा रुपयांचा मसाला काढून द्यायचा कसा? ती बाई काही न बोलता पदर सावरत निघून गेली.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. उल्हास नदीकाठचं आमचं बदलापूर गाव आता बरंच बदललंय. चहूबाजूंनी इमारती उठल्या, तरी एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळत पडलेल्या दिसतातच. वर्षाचा मसाला घरी करायची आमच्याकडची जुनी रीत. मग आम्ही अकरा जणींनी ठरवलं, गटातून कर्ज काढून आगरी मसाला करायचा. मिरची, धणे, गरम मसाला सगळं निवडून आणलं, भाजलं, डंकावर कुटून घेतलं. उल्हासनगरच्या बाजारातून पाकिटं आणि ती बंद करायचं मशीनही आणलं. इमारतींमधल्या नोकरदार बायकांनी कौतुकानं पाकिटं नेली. पण त्या एकदा घेतल्या की पुढचे चार महिने कशाला येतील? पावसाळा तोंडावर आला, पाकिटं पडून राहिली आणि कर्जाचा हप्ता काही थांबेना.

गटाची मीटिंग भरली की सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘‘वस्तीतल्या बायकांना परवडत नाही गं, सोडून दे.’’ मलाही तसंच वाटायचं. पण ती दहा रुपयेवाली बाई मनातून जाईना. एक दिवस तिचं घर शोधत गेले.

ती बांधकामावर जाते. नाक्यावर कुणी बोलावलं तर त्या दिवशीची मजुरी, नाही बोलावलं तर हात हलवत घरी. चहाचं आधण ठेवता ठेवता मी विचारलं, ‘‘मसाला कुठून घेता?’’

‘‘वाण्याकडून. दहाची पुडी.’’

तिच्या फळीवरची ती पुडी मी हातात घेतली. वजन छापलं होतं ११ ग्रॅम. घरी येऊन हिशेब मांडला आणि डोकंच चक्रावलं! त्या भावानं अर्धा किलो मसाला साडेचारशेच्या वर जातो. म्हणजे ज्या बाईला आमचा मसाला ‘परवडत नाही’ असं आम्ही म्हणत होतो, ती आमच्यापेक्षा शंभर रुपये जास्त मोजत होती! फक्त एकदम नाही, दहा-दहा रुपयांनी.

मैत्रिणींनो, गरिबाला स्वस्त वस्तू हवी असते, एवढंच आपण धरून चालतो. पण त्याच्याकडे पैसा येतो कसा, हे बघत नाही. आपल्या घरात पगार महिन्याला येतो म्हणून आपण महिन्याचा किराणा भरतो. जिच्या हातात संध्याकाळी पैसे पडतात, ती संध्याकाळचाच किराणा भरणार. ती उधळी नाही, अडाणी तर नाहीच.

दुसरी गोष्ट तिनं आपणहून सांगितली. ‘‘वाणी महाग देतो, म्हाईत आहे ताई. पण पोराला ताप आला, काम नसलं, तर तो वही उघडतो. तुम्ही उघडाल?’’ मी गप्प बसले. वाणी नुसता मसाला विकत नव्हता, अडीनडीचा आधारही विकत होता.

हे मोठ्या उद्योगांना आपल्या आधी कळलं. तामिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी घरगुती वापराच्या वस्तू छोट्या पुडीत भरायला सुरुवात केली, ती हमाल आणि रिक्षा ओढणाऱ्यालाही त्या घेता याव्यात म्हणून. पुढे त्यांच्या मुलानं ‘चिक’ शाम्पूची पुडी खेडोपाडी पोचवली. तोवर शाम्पूची बाटली म्हणजे श्रीमंताघरची चैन. २००४ साली सी. के. प्रल्हाद यांचं पुस्तक आलं. उत्पन्नाच्या उतरंडीत सर्वांत खाली असलेली माणसं दयेचा विषय नाहीत, ती पारखून घेणारी गिऱ्हाइकं आहेत, असं त्यांनी मांडलं आणि जगभरच्या कंपन्यांचे कान टवकारले.

मात्र पुडी काढली म्हणजे गरिबाची सेवा झाली, असं मला वाटत नाही. किंमत तीच ठेवून आतलं वजन हळूच कमी करायचं, हे आपण बिस्किटापासून साबणापर्यंत बघतोच. शिवाय रिकाम्या पुड्यांनी आमच्याकडची गटारं तुंबतात, ते वेगळंच.

खरं शिकण्यासारखं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यात माण तालुका, कायमचा दुष्काळी. तिथल्या म्हसवडमध्ये लोहारकाम करणारी, रस्त्याकडेला राहणारी एक बाई बँकेत गेली. तिला रोजचे थोडे थोडे पैसे साठवायचे होते, पावसाआधी डोक्यावर प्लास्टिक घालता यावं म्हणून. एवढ्या लहान रकमेचं खातं काढायला बँकेनं नकार दिला. चेतना गाला सिन्हा यांनी ठरवलं, मग आपणच बायकांची बँक काढू. पहिला अर्ज परत आला, कारण संचालक होऊ पाहणाऱ्या बायका निरक्षर होत्या. बायकांनी अक्षरं गिरवायला घेतली आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आम्हाला व्याजाचं गणित घाला, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सोडवतं! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाजारात बसलेल्या बाईला धंदा सोडून बँकेत येता येत नाही, म्हणून बँकच बाजारात तिच्यापाशी जाऊ लागली. गिऱ्हाइकानं आपल्या वेळेला, आपल्या रीतीला जुळवून घ्यावं असा हट्ट नाही. आपणच त्याला जुळवून घ्यायचं.

याची उलट बाजू गॅसच्या बाबतीत दिसली. १ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली, गरीब घरांतल्या बायकांच्या नावावर गॅसजोडणी आली. चूल सुटणार म्हणून किती आनंद! पण १४.२ किलोचा सिलिंडर संपला की पुढच्याचे पैसे एकरकमी भरायचे. रोजच्या मजुरीतून ते साठणार कसे? आमच्याजवळच्या वाड्यांवर मी कोपऱ्यात झाकून ठेवलेली शेगडी आणि बाहेर पेटलेली चूल, दोन्ही पाहिलीत. पुढे ५ किलोच्या लहान सिलिंडरचा पर्याय आला, तो याच अडचणीतून.

हे सगळं मीटिंगमध्ये सांगितलं. आधी वाटलं, बायकांना डबी घेऊन येऊ द्यावं आणि काट्यावर तोलून सुटा मसाला द्यावा, पाकिटाचाही खर्च वाचेल. पण नोंदणीच्या वेळी कळलं, कुटलेला मसाला कायद्यानं पाकीटबंदच विकावा लागतो. मग दहा रुपयांची पुडी काढली, १३ ग्रॅमची. वजन मोठ्या अक्षरात छापलं. नफा अगदी थोडा, पण रोजची विक्री.

त्याबरोबर एक कार्ड काढलं. दर शनिवारी १५ रुपये द्यायचे, आमच्यातली एक जण वस्तीत जाऊन घेणार आणि कार्डावर सही करणार. पाच शनिवार झाले की १०० ग्रॅमचं पाकीट हातात. म्हणजे भाव मोठ्या पाकिटाच्या जवळपास आणि रिकाम्या पुड्यांचा कचराही कमी. मधेच थांबायचं असेल तर भरलेले पैसे परत, काही न विचारता. ही अट त्या बांधकामवाल्या बाईनंच सुचवली. आधी असा पैसा बुडालेला तिनं सोसला होता.

सगळं गोड झालं असं नाही. पावसाळ्यात काम बंद पडलं, तेव्हा सात-आठ कार्डं थांबली, पैसे परत द्यावे लागले. उधारीची वही आम्हाला अजून उघडता आलेली नाही, तेवढी ताकदच नाही. त्या बाबतीत वाणी आमच्या पुढे आहे, हे कबूल करते. पण पडून राहिलेला मसाला संपला, कर्जाचे हप्ते फिटले आणि यंदा मिरची दुप्पट घेतली.

तुमच्याही गावात कुणी पापड लाटत असेल, कुणी ब्लाऊज शिवत असेल, कुणी डबे देत असेल. भाव ठरवायच्या आधी एकदा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन या. तिच्या हातात पैसा कधी येतो, किती येतो, कोणत्या महिन्यात आटतो, विचारा. आणि स्वतः खरेदी करताना पुडीवरचं वजन वाचायला विसरू नका. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहेच, तो आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा.

पहिलं कार्ड तिचंच भरलं. पाकीट घेताना तिनं आधी उलटसुलट करून वजन वाचलं, मग पिशवीत टाकलं. त्या दिवशी हसलेली आमची मैत्रीणच ते द्यायला गेली होती. परत आली आणि म्हणाली, ‘‘पुढच्या शनिवारपासून त्या गल्लीत मीच जाणार.’’