सात वाजताचा भोंगा



भोंगा म्हटले की आपल्याला साखर कारखाना आठवतो. पाळी बदलली की भोंगा होतो. पण सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने मोबाईल बंद करण्यासाठी भोंगा वाजवला. त्याची माहिती मी येथे देत आहे.

कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे ३,००० वस्तीचे गाव आहे. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या व अभ्यास मोबाईलवर आला. पुढे शाळा उघडल्या, पण पोरांच्या हातून मोबाईल काही सुटेना. घरी आले की मोबाईल, नाहीतर टीव्ही. मोठी माणसंही त्यातच. मग एकमेकांशी बोलणार कोण?

सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाची सभा भरली. रोज संध्याकाळी ७ ते ८.३० टीव्ही व मोबाईल बंद ठेवायचे ठरले. सातला देवळावरचा भोंगा वाजे, साडेआठला पुन्हा वाजे. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी गप्पा मारायच्या. सुरुवातीला काही लोक हसले. तेव्हा आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि त्यांनी लोकांना समजावून सांगितले.

आता भोंगाच कशाला? एकाच घराने टीव्ही बंद केला, तर शेजारचा ऐकू येतो आणि मन तिकडे धावते. सगळ्यांचेच बंद झाले की प्रश्न मिटतो. शिवाय भोंगा लहान-मोठा बघत नाही. "ठेव तो मोबाईल, अभ्यासाला बस," असं म्हणणाऱ्यालाही आपला मोबाईल ठेवावा लागतो. मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मोबाईल वाईट नाही. त्यावर बाजारभाव कळतो, पावसाचा अंदाज कळतो. मात्र वापरताना पुढील नियम पाळावेत :

१) बँकेतून बोलतोय असं कोणी म्हटलं, तरी ओटीपी सांगू नये.
२) पैसे येण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातले पैसे जातात.
३) आलेली बातमी खरी की खोटी हे बघितल्याशिवाय पुढे पाठवू नये.
४) फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे अडवणे अवघड.

आपल्या गावात असा भोंगा नाही, पण घड्याळ घरोघरी आहे. या लेखाखाली आम्ही कोरा कागद लावला आहे व पेन्सिल दोरीने बांधली आहे. पालकांनी आपल्या घरची मोबाईल बंद ठेवण्याची वेळ त्यावर लिहावी, ही विनंती. अर्धा तास लिहिला तरी चालेल, पण तो घरातल्या सगळ्यांचा असावा. वेळ पाळली जाते की नाही, ते आम्ही मुलं बघू.