एकावांचून अडूं नये म्हणून

बँकेचा व्यवहार, आगगाडीचें तिकीट, परीक्षेचा निकाल, हीं सर्व कामें हल्लीं संगणकाच्या पडद्यावर होतात. आपली मागणी ऐकून तिचें उत्तर देणारें यंत्र मात्र दूर कोठें तरी असतें. त्यास सर्व्हर म्हणतात. तें बंद पडलें कीं हजारोंचा खोळंबा होतो. म्हणून जाणते लोक एकाच यंत्रावर भिस्त न ठेवतां अनेक यंत्रांचा संघ उभारतात. या संघास क्लस्टर अशी संज्ञा आहे. केवळ यंत्रांची संख्या वाढविल्यानें भागतें काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

संघाच्या दारावर लोड बॅलन्सर नांवाचा द्वारपाल असतो. येणारी मागणी तो सुस्थितींतील यंत्राकडे धाडतो. द्वारपाल एकच असेल आणि तोच बंद पडला, तर आंतील सर्व व्यवस्था व्यर्थ. म्हणून तोहि दुहेरी ठेवावा लागतो.

अर्धें काम झालें असतां यंत्र बंद पडलें, तर दुसऱ्यास मागील संदर्भ ठाऊक असला पाहिजे. अपाची टॉमकॅट या प्रसिद्ध प्रोग्रामांत ग्राहकाच्या चालू कामाचें टिपण संघांतील इतर यंत्रांकडे पाठविण्याची सोय आहे. त्याच्या मूळ मांडणींत प्रत्येक यंत्र दर अर्ध्या सेकंदास आपल्या अस्तित्वाची खूण देतें. 3 सेकंद खूण आली नाहीं, तर तें गेलें असें इतर यंत्रें धरतात.

खरी अडचण येथूनच सुरू होते. खूण आली नाहीं म्हणजे यंत्र बंदच पडलें असें नव्हे. तें धडधाकट असून मधला मार्गच तुटला असेल. मग दोन्ही बाजूंचीं यंत्रें आपापल्यास कर्तें समजूं लागतात. एका घरांत दोघे कर्ते होऊन निरनिराळ्या वह्या लिहूं लागले, तर जी दशा होईल तीच येथें होते. यावर उपाय बहुमताचा. कायमच्या नोंदी ठेवणाऱ्या 3 यंत्रांपैकीं 2, किंवा 5 पैकीं 3 एकमेकांस दिसत असतील त्याच बाजूनें कारभार चालवावा. उरलेल्यांनीं स्वस्थ बसावें. दोनच यंत्रें असल्यास एक दिसेनासें होतांच बहुमत उरत नाहीं; म्हणून संख्या विषम ठेवण्याचा प्रघात आहे.

तथापि बहुमतहि पुरेसें नसतें. जगभरचे प्रोग्राम लिहिणारे आपलें काम गिटहब या अमेरिकन संस्थेकडे ठेवतात. 21 ऑक्टोबर 2018 रोजीं दुरुस्तीच्या कामांत तिच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संपर्क अवघे 43 सेकंद तुटला. बहुमतानें कर्तेपण पश्चिम किनाऱ्याकडे गेलें. परंतु पूर्वेकडील अगदीं ताज्या कांहीं नोंदी पश्चिमेस पोंचल्या नव्हत्या, आणि पश्चिमेस नव्या नोंदी होऊं लागल्या. दोन्ही वह्या जुळेनात. संस्थेनें घाई न करतां नोंदी सुरक्षित राखण्यास अग्रमान दिला. सेवा पूर्ववत् होण्यास 24 तास 11 मिनिटें लागलीं. यंत्रांची वाण तेथें मुळींच नव्हती.

तात्पर्य, जादा यंत्रें विकत घेणें हें या कामांतील सर्वांत सोपें अंग होय. एकाच्या अभावीं कारभार कोणीं हातीं घ्यावा, आणि त्याच्या वहींत शेवटची नोंद पोंचली आहे कीं नाहीं हें कसें पाहावें, याचा निर्णय संकटापूर्वीं झाला पाहिजे. शिवाय वर्दळ कमी असतां एक यंत्र मुद्दाम बंद करून पाहावें, मधला मार्गहि तोडून पाहावा. अशी तालीम न झालेल्या संघावर लोकांचे पैसे व नोंदी सोंपविणें आम्हांस धाडसाचें वाटतें.