रजिस्टर भरलं, पण कोणापर्यंत पोहोचलं?

एचआयव्ही प्रतिबंधाचं काम कसं चाललंय असं विचारलं, की बहुतेक वेळा वाटलेल्या कंडोमचा आकडा पुढे केला जातो. तो लाखांत असला की पुढचे प्रश्नच कोणी विचारत नाही. ‘वाटप मोठं म्हणजे प्रतिबंध झाला’ हा या क्षेत्रातला सगळ्यात चिवट गैरसमज आहे.

देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणारे यांच्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे (नॅकोचे) ‘टीआय’, म्हणजे ‘टार्गेटेड इंटरव्हेन्शन’ प्रकल्प चालतात. तिथे वस्तीत फिरणारी ‘पीअर’ त्याच समाजातली असते आणि तिच्याकडे साधारण साठ जणांची जबाबदारी असते. नीट चालणाऱ्या प्रकल्पात ती आधी प्रत्येकीची गरज काढते: आठवड्याला गिऱ्हाइकं किती, म्हणजे कंडोम किती लागतील. लिहिता-वाचता न येणाऱ्या पीअरसाठी चित्रांचे तक्तेही वापरले गेले आहेत. आता समजा, एकीची गरज चाळीसची आणि तिला मिळाले दहा. शेजारणीची गरज दहाची आणि तिला मिळाले चाळीस. महिन्याची बेरीज चोख जुळते, धोका मात्र होता तिथेच राहतो. बेरीज बघणाऱ्या साहेबांना हे कधीच दिसत नाही, ओळ वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

आणि जिचं नाव यादीतच नाही तिचं काय? बराच धंदा आता मोबाइलवरून ठरतो, जुने अड्डे विरळ झालेत. जुन्याच यादीवर ‘९५ टक्के लोकांपर्यंत पोहोचलो’ म्हणणं सोपं असतं, कारण छेदच लहान ठेवलेला असतो.

‘वापरता का, असं विचारलं की कळतं,’ हेही खरं नाही. समोर वही घेऊन बसलेल्या माणसाला सगळे शहाणंच उत्तर देतात. म्हणून कर्नाटकासारख्या ठिकाणी मतदानाची युक्ती वापरली गेली. आडोशामागे बसायचं आणि ‘हो’ किंवा ‘नाही’च्या पेटीत चिठ्ठी टाकायची, कोणाची कुठली, हे कोणालाच कळत नाही. तोंडी मुलाखतीपेक्षा या पेट्यांतून जोखमीचं वागणं जास्त निघालं.

‘यंदा जास्त रुग्ण सापडले, म्हणजे कार्यक्रम फसला’ ही तर बातम्यांची आवडती ओळ. आज तपासणीत सापडलेल्या माणसाला लागण पाच-सात वर्षांपूर्वीही झालेली असू शकते. तपासणी योग्य वस्तीत पोहोचली तर सापडणारे वाढणारच. दरवर्षी नव्याने लागण किती जणांना झाली, हे सहसा थेट मोजता येत नाही. त्याचा गणिती अंदाजच बांधावा लागतो.

आकडा उतरला म्हणजे यश, असंही नाही. २००६ साली देशात एचआयव्हीबाधित ५० लाखांहून जास्त असल्याचं मानलं जात होतं. २००७ साली तोच अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. कोणी वर्षभरात बरं झालं नव्हतं. आधीचा अंदाज मुख्यतः दवाखान्यांत येणाऱ्यांच्या रक्तावर बेतलेला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत घरोघरी एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं, निगराणीची केंद्रंही वाढली, आणि आधीचा अंदाज फुगलेला असल्याचं कळलं.

‘९५-९५-९५’ या लक्ष्याचं तसंच. पुष्कळांना वाटतं, ते गाठलं की १०० बाधितांपैकी ९५ जण सुरक्षित. पण पहिले ९५ टक्के स्वतःची स्थिती माहीत असलेले, दुसरे त्यांच्यातले औषधावर असलेले, तिसरे औषधावर असलेल्यांपैकी विषाणू दबलेले. तिन्हींचा गुणाकार केला की हाती सुमारे ८६ उरतात. हा आकडा प्रतिबंधाचाही आहे, कारण विषाणू पूर्ण दबलेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. मात्र ज्यांची व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाची) तपासणी झाली तेवढेच हिशोबात धरले, तर औषध सोडून गेलेला माणूस टक्केवारीतून अलगद गळतो.

शेवटचा गैरसमज बाळंतपणाचा. आईला गोळ्या सुरू झाल्या की काम संपलं, असं समजून नोंद बंद होऊ शकते. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यापासून टप्प्याटप्प्याने होते आणि पक्का निकाल अठराव्या महिन्यात लागतो. कारण तोवर आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात असू शकतात आणि प्रतिपिंडं शोधणारी चाचणी फसवू शकते. गरोदरपणाची नोंद सासरच्या तालुक्यात, बाळंतपण माहेरी, मग नवऱ्याबरोबर ऊसतोडीला तिसऱ्याच जिल्ह्यात. एवढ्या फिरतीत त्या बाळाचा अठराव्या महिन्याचा रकाना कोण भरणार, हे आढावा बैठकीत आधी विचारावं. वाटपाची बेरीज नंतर.