गोधडीवर पन्नास टक्के

एडिसनमध्ये (न्यू जर्सी) मी गेली पाच वर्षं गोधड्या विकते. धंदा म्हणावा एवढा मोठा कारभार नाही. कराडजवळ माझ्या माहेरी वहिनी आणि तिच्या पाच मैत्रिणी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवतात, पोस्टाने पाठवतात, आणि इथे घरात बाळ आलं की लोक त्या हौसेने घेतात.

कस्टम्सचा प्रश्न कधी आलाच नव्हता. २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल अमेरिकेत शुल्काविना येत होतं. २९ ऑगस्ट २०२५ ला ही सवलत सगळ्याच देशांसाठी बंद झाली. त्याच्या दोनच दिवस आधी भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं होतं: आधीचे २५ आणि रशियन तेलापायी आणखी २५. हे शुल्क कोणी, कसं गोळा करायचं तेच स्पष्ट नव्हतं, म्हणून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं. वहिनीकडे अकरा गोधड्या बांधून तशाच पडल्या.

१५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली. तेव्हा शुल्क पाठवणाऱ्यानेच बुकिंग करताना भरायचं होतं. तेव्हाच्या ५० टक्के दराने ६० डॉलरच्या गोधडीवर ३० डॉलर आधीच हातचे जाणार होते.

वहिनीचा फोन आला. "ताई, शंभर डॉलरच्या आतली भेटवस्तू असली तर कर नाही म्हणे. 'भेट' लिहू का?"

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. पण विकायच्या मालाला भेट कसं म्हणायचं? "नको गं, आहे तेच लिही," म्हटलं.

मग हिशोब मांडला. गोधडी ६० ला घेऊन मी ११० ला विकायची. पोस्टाचे ३० जाऊन २० उरायचे. मग किंमत १२५ केली आणि मला उरू लागले ५. बायकांच्या मजुरीला मात्र हात लावला नाही.

तरीही अकरापैकी चार गिऱ्हाइकांनी ऑर्डर रद्द केली. "तिकडेच विक ना," मी वहिनीला म्हटलं. ती हसली. "ताई, इथे घरोघरी गोधडी आहे. विकत कोण घेणार?"

मजुरीला हात लावला नाही म्हणताना चार गोधड्यांची मजुरी अडकलीच की! ती मीच पाठवली. पण पुढच्या खेपेला सात गोधड्यांचंच काम आहे, आणि हात तेवढेच आहेत.