एका मित्राच्या जागी दोघे

मुलाच्या हातात गिटार दिसली की आईच्या पोटात गोळा येतो. त्यातून ‘आम्ही मित्रमित्र मिळून आमचीच गाणी बसवणार’ असं तो म्हणाला, मग तर विचारायलाच नको! अशा आयांसाठी दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडची ही हकिकत.

सुश्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबल्यावर. दोघांची ओळख १९८४ सालची, पण बँड उभा राहिला १९९० मध्ये. पुढच्या वर्षी राहुल राम आला आणि १९९४ मध्ये अमित किलम. राहुल अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेला, नि परतल्यावर नर्मदा आंदोलनात रमलेला! त्याच्या आईला काय वाटलं असेल, कोण जाणे.

यांचं संगीत धड शास्त्रीय नाही, धड पाश्चात्त्यही नाही. तबल्याशेजारी ड्रम, आणि मध्येच बाउलांचं गबगुबी. आपल्या यल्लम्माच्या जोगत्यांकडे चौंडकं असतं ना, त्याच जातीचं वाद्य. २००० साली आलेल्या ‘कंदिसा’मधलं मुख्य गाणं म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, आणि त्याच्याच शेजारी नर्मदेचं ‘मा रेवा’. त्या नदीकाठची आपल्या नंदुरबारकडची गावंही धरणाच्या पाण्यात गेली, हे ठाऊक असलं की ते गाणं नुसतं गोड वाटत नाही.

जमिनीवर मांडी घालून असीम तबलाही वाजवायचा आणि गायचाही, दोन्ही एकाच वेळी. पोळी लाटता लाटता मुलाचा पाढा ऐकणाऱ्या बाईलाच त्यातली मेहनत कळेल! २५ डिसेंबर २००९ रोजी तो गेला. अवघा बावन्न वर्षांचा.

आता पुढे काय? घरातलं कर्तं माणूस गेलं की पडतो तोच प्रश्न. बँड मोडला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. राहिलेल्या तिघांनी तो चालू ठेवला. तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशू जोशी, अशी दोन माणसं घ्यावी लागली तेव्हा कुठे त्या एकाची जागा भरली. भरली म्हणायचं आपलं.

करोलबागेतल्या एका जुन्या बंगल्यात ही मंडळी वर्षानुवर्षं तालीम करायची. असीमच्या आवाजातली, त्याच्या हयातीत ध्वनिमुद्रित झालेली गाणी २०१० मध्ये बाहेर आली, तेव्हा त्या संचाला नाव दिलं ते या घराच्या पत्त्याचं : ‘१६/३३० खजूर रोड’. आणि ती विकली नाहीत बरं का! महिन्याला एक, अशी इंटरनेटवर फुकट देऊन टाकली.

२०१३ मध्ये सुश्मितही बाहेर पडला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत असंही होतं. बाहेरच्यांनी त्याची कारणं कशाला उकरावीत? त्याच्या जागी निखिल राव आला, आणि २०२३ मध्ये ‘तू है’ हा नवा संच निघाला. राहुल आणि अमित त्यात आहेतच.