सामायिक संगणन प्रणालीवरील मूलभूत आज्ञा

सामायिक संगणन प्रणालीवरील आज्ञापंक्ती हे विद्यापीठे व संशोधन संस्थांमधील महासंगणकांशी लिखित आज्ञांद्वारे संवाद साधण्याचे साधन होय. वापरकर्ता कळफलकावरून एक ओळ टंकित करतो. ‘शेल’ नावाचा कार्यक्रम ती वाचून तिचा अर्थ लावतो आणि काम पार पाडतो. या आज्ञा वैयक्तिक संगणकावरही चालतात. मात्र महासंगणक एकाच वेळी अनेक संशोधक वापरत असल्याने, एकाने दिलेल्या आज्ञेचा परिणाम इतरांच्या कामावर आणि विदेवर होऊ शकतो.

पार्श्वभूमी

एका संगणकाचा वेळ अनेक वापरकर्त्यांत विभागून देण्याचे प्रात्यक्षिक १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे झाले. पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीचे काम सुरू केले. त्या काळी आज्ञा देण्यासाठी टेलिटाइप यंत्रे वापरली जात. त्यांतील काही यंत्रे सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापत. युनिक्समधील आज्ञांची नावे दोन-तीन अक्षरांची असण्यामागे हे एक कारण मानले जाते. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या ‘लिनक्स’ने युनिक्सचीच आज्ञापद्धती स्वीकारली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो.

भारतात पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसविण्यात आला आहे.

प्रवेश व रचना

महासंगणकात सामान्यतः ‘एसएसएच’ या आज्ञेद्वारे दुरून प्रवेश केला जातो. फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनी १९९५ साली ही पद्धत विकसित केली. तिच्यामुळे परवलीचा शब्द व सर्व संवाद सांकेतिक रूपात प्रवास करतो. प्रवेशानंतर वापरकर्ता प्रथम ‘लॉगिन नोड’वर पोहोचतो. हा महासंगणकाचा दिवाणखाना असून तो सर्वांचा आहे. संचिकांची मांडामांड, लेखन व लहानसहान कामे येथे करावीत. मोठी आकडेमोड मात्र स्वतंत्र ‘गणन नोड’वर होते.

प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची गृहनिर्देशिका मिळते. तिची जागा मर्यादित असते. मोठ्या, तात्पुरत्या विदेसाठी ‘स्क्रॅच’ नावाची वेगळी जागा असते. तेथील जुन्या संचिका ठरावीक मुदतीनंतर काढून टाकण्याची प्रथा अनेक केंद्रांत आहे.

नेहमीच्या आज्ञा

आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहिल्या जातात. लहान व मोठे अक्षर भिन्न समजले जाते.

• पीडब्ल्यूडी : आपण सध्या कोणत्या निर्देशिकेत आहोत ते दाखविते.
• एलएस : निर्देशिकेतील संचिकांची यादी देते.
• सीडी : दुसऱ्या निर्देशिकेत नेते. पुढे नाव न लिहिल्यास गृहनिर्देशिकेत परत आणते.
• एमकेडीआयआर : नवी निर्देशिका तयार करते.
• सीपी व एमव्ही : अनुक्रमे संचिकेची प्रत करतात व तिचे स्थान किंवा नाव बदलतात.
• लेस : मोठी संचिका पानापानाने वाचण्यास उपयोगी पडते.
• ग्रेप : संचिकेतून दिलेला शब्द असलेल्या ओळी शोधून देते.
• डीयू : निर्देशिकेने किती जागा व्यापली आहे ते सांगते.
• मॅन : कोणत्याही आज्ञेची माहितीपुस्तिका उघडते.
• आरएम : संचिका काढून टाकते.

परवानग्या

प्रत्येक संचिकेला मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वेगळ्या परवानग्या असतात. वाचनास ४, लेखनास २ व चालविण्यास १ हा अंक असून त्यांची बेरीज ‘सीएचमॉड’ या आज्ञेत लिहितात. उदाहरणार्थ, ६४० म्हणजे मालकास वाचन व लेखन, गटास केवळ वाचन आणि इतरांस काहीही नाही. संचिका काढून टाकण्याचा अधिकार मात्र साधारणतः संचिकेच्या नव्हे, तर ती ज्या निर्देशिकेत आहे तिच्या लेखन-परवानगीवर अवलंबून असतो. त्यामुळे गटाला लेखनासाठी खुल्या असलेल्या निर्देशिकेतील ‘केवळ वाचनीय’ संचिकाही गटातील दुसरा सदस्य काढून टाकू शकतो.

कामांची रांग

गणन नोड कोणाला, किती वेळ द्यायचे हे रांग सांभाळणारा कार्यक्रम ठरवितो. ‘स्लर्म’ हा अशा कार्यक्रमांपैकी बराच प्रचलित आहे. वापरकर्ता लागणारा वेळ, स्मृती व नोडची संख्या एका संचिकेत नोंदवून ‘एसबॅच’ने काम रांगेत टाकतो, ‘एसक्यू’ने त्याची स्थिती पाहतो आणि ‘एसकॅन्सल’ने ते रद्द करतो. गरजेपेक्षा फार जास्त वेळ मागितल्यास काम रांगेत अधिक काळ थांबण्याची शक्यता असते. कमी मागितल्यास मुदत संपताच ते अर्धवट थांबविले जाते.

धोके व दक्षता

आज्ञापंक्तीवर काढलेली संचिका कचरापेटीत जात नाही. ती थेट नाहीशी होते. ‘आरएम’ला जोडलेले तारांकन ‘कोणतीही अक्षरे’ असा अर्थ देते. ‘आरएम जुने*’ असे लिहिल्यास ‘जुने’ने सुरू होणाऱ्या संचिकाच जातात. तारांकनापूर्वी चुकून एक मोकळी जागा पडली, तर त्या निर्देशिकेतील जवळपास सर्व संचिका जातात.

अनुभवी तंत्रज्ञही अशा चुकांपासून मुक्त नाहीत. जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर १४ ते १६ डिसेंबर २०२१ या काळात सुमारे ७७ टेराबाइट संशोधन-विदा नष्ट झाली. जुन्या नोंदी काढून टाकणारा आज्ञासंच चालू असतानाच त्याची सुधारित आवृत्ती त्याच्या जागी ठेवण्यात आली. शेल अशी संचिका थोडी थोडी वाचत पुढे जात असल्याने मध्येच नवा मजकूर वाचला गेला. त्यातील चलांना मूल्येच मिळालेली नव्हती आणि काढून टाकण्याची आज्ञा नोंदींऐवजी मुख्य साठ्यावर चालली. सुमारे ३ कोटी ४० लाख संचिका गेल्या आणि १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यांपैकी ४ गटांची विदा राखीव प्रतीतूनही परत मिळविता आली नाही.

यामुळे काही सवयी आवश्यक मानल्या जातात : काढण्यापूर्वी ‘पीडब्ल्यूडी’ने स्थान तपासणे, तारांकनासह तोच मजकूर आधी ‘एलएस’ला देऊन कोणत्या संचिका निवडल्या जातात ते पाहणे, ‘आरएम’ला ‘-आय’ हा पर्याय जोडून प्रत्येक वेळी संमती मागविणे आणि महत्त्वाच्या विदेची प्रत महासंगणकाबाहेर ठेवणे.